फरशी पुसायला लागलेला वेळ

सोनुबाईला दवाखान्यात लागून सत्तावीस वर्षं झाली, त्या वर्षी तिचा पांढरा ॲप्रन गेला.

कुणी अंगावरून ओढून घेतला नाही. डॉक्टर स्वप्नीलनी तिला केबिनमध्ये बोलावलं, समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि चहा मागवला. त्या खुर्चीवर ती आजवर कधी बसली नव्हती. चहाचा कप हातात आला तेव्हाच तिनं ओळखलं, आता काहीतरी वंगाळ ऐकायचंय.

"मावशी, दवाखान्याची नोंदणी नव्यानं करायचीय," डॉक्टर म्हणाले. "पेशंटला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं सर्टिफिकेट मागतात आता. तुमचं मी काय दाखवू?"

सोनुबाईची शाळा सातवीला सुटली होती. साजगावच्या घरून ती खोपोलीच्या या बारा खाटांच्या दवाखान्यात आली ती चादरी धुवायला. तेव्हा स्वप्नीलचे वडील दवाखाना चालवायचे. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. एके दिवशी नर्स आली नाही आणि बाळंतीण अडली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी धुण्यावरून तिला हाक मारली. "हात स्वच्छ धू आणि मी सांगतो ते कर." तिथून सुरू झालं. सुई, सलाईन, टाके, बीपी, बाळाची नाळ, एकेक करून तिच्या हातात आलं. कुठल्या म्हाताऱ्याची शीर मनगटाला सापडते आणि कुठल्या बाईची कोपराला, हे ती नुसतं बोट फिरवून सांगायची. शिळफाट्यावर भाजी घ्यायला उभी राहिली की कुणी ना कुणी हाक मारायचंच. "सोनुबाई, ओळखलं का? हा तुमच्या हातावरचा." आणि मागून एखादा मिसरूड फुटलेला पोरगा लाजत पुढं यायचा.

मोठे डॉक्टर जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांनी शिकवलेलं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं.

"मग मी काय करू?" तिनं विचारलं.

"तुम्हाला काढत नाहीये मी. फरशी, चादरी, भांडी, अशी मावशांची कामं बघा. पगार तोच राहील. फक्त पेशंटला हात लावायचा नाही, औषधाचं काही बोलायचं नाही. उद्या काही झालं तर मी अडकेन."

"आणि सुया-सलाईन कोण लावील?"

"वनिता येतेय एक तारखेपासून. तिचा कोर्स झालाय."

सोनुबाईनं चहा संपवला, कप स्वतःच विसळला आणि ॲप्रन घडी करून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती बाकीच्या मावशांसारखी चॉकलेटी साडी नेसून येऊ लागली. घरी नवऱ्याला, भिवाजीला, तिनं आठ दिवस काही सांगितलं नाही. साडी दिसल्यावर त्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळ्यांनाच दिलीय."

वनिता तिला परकी नव्हती. सोनुबाईच तर होती तिला शिकवणारी.

ही पोरगी खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या ठाकूरवाडीतली. वाडीतून बारावी झालेली पहिली मुलगी. शिळफाट्याला मोबाइलच्या दुकानावर एक संस्था निघाली होती. बाहेर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या हसऱ्या मुलीचा मोठा फोटो, त्याच्या खाली 'मेडिकल असिस्टंट, एका वर्षात, नोकरीची शंभर टक्के खात्री' असं लिहिलेलं. दवाखाना, लॅब, विमा कंपनी, परदेश अशी सगळी नावं ओळीनं रंगवलेली. वनिता तिथं वर्षभर गेली. शिकवायला एका लॅबमधले सर आठवड्यातून तीनदा यायचे, झेरॉक्स काढलेल्या नोट्स वाटायचे आणि स्पंजच्या तुकड्यावर सुई टोचायला लावायचे. शेवटचे तीन महिने 'प्रॅक्टिकल' म्हणून तिला या दवाखान्यात पाठवलं होतं.

पहिल्याच दिवशी तिनं एका ड्रायव्हरला तीन वेळा टोचलं, तरी शीर सापडेना. माणूस ओरडला. वनिता स्टोअररूममध्ये जाऊन रडत बसली. सोनुबाई तिच्यामागं गेली, खुर्चीवर बसली आणि आपला डावा हात तिच्यापुढं धरला.

"घे. माझ्या हातावर मार."

"नको मावशी, दुखंल तुमाला."

"दुखंल तर दुखंल. माणसाचं कातडं स्पंजासारखं नसतंय गं. आधी बोटानं दाबून बघ. दोरीसारखं लागलं पायजे, आणि सोडलं की वर आलं पायजे. हां. आता तिरकी घाल, घाई करू नको."

आठ दिवस सोनुबाईचा हात कोपरापासून मनगटापर्यंत निळा होता. पण पोरीचा हात बसला. जेवणाच्या सुट्टीत दोघी मागच्या पायऱ्यांवर डबा खायच्या. वनिता नाचणीची भाकरी आणायची आणि पुढचे बेत सांगायची. "इथं दोन वर्सं काढली का नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेतात. सर म्हणतात, मग दुबईला पण जाता येतं. मी गेली का आमच्या वाडीतल्या अजून दोघी-तिघी येतील कोर्सला." सोनुबाई तिच्या भाकरीवर आपल्या डब्यातलं वालाचं बिरडं वाढायची आणि म्हणायची, "जा गं बाय, जा."

तीच वनिता आता नावाची पट्टी लावून, पांढरा ॲप्रन घालून टेबलाशी बसायला लागली. तिचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लागलं. पहिले काही दिवस ती सोनुबाईच्या नजरेला नजर देत नव्हती. अडलं की हळूच खुणावायची आणि सोनुबाईही कुणी बघत नाही असं पाहून शीर दाखवून जायची. तसं चाललं असतं.

पण श्रावणात एक म्हातारी आली. सोनुबाईच्याच गावची. वनितानं सुई काढल्याबरोबर तिनं हात मागं घेतला. "ही पोर नको. सोनुबाई, तूच लाव गं." सोनुबाईनं फडकं खाली ठेवलं, हात धुतले आणि म्हातारीचा हात धरला. तेवढ्यात डॉक्टर स्वप्नील दारात आले. त्यांनी सोनुबाईला काहीच म्हटलं नाही, वनिताकडे नुसतं बघितलं आणि आत गेले. पाच मिनिटांनी वनिता केबिनमधून बाहेर आली ती लाल डोळ्यांनी.

"मावशी," ती म्हणाली, "तुमी पेशंटला हात लावू नका. मला बोलणी बसतात."

आवाज मोठा नव्हता, पण बाकावर बसलेल्या आठ-दहा माणसांनी तो ऐकला. म्हातारीनं ऐकला. सोनुबाईनं बादली उचलली.

त्या दिवसापासून तिनं तोंडाला कुलूप घातलं. वनितानं दोनदा-तीनदा विचारून बघितलं, "मावशी, ही शीर बघता का जरा?" सोनुबाईचं उत्तर ठरलेलं. "मला काय कळतंय त्यातलं? मी सातवी नापास." डबाही ती आता वर गच्चीच्या जिन्यात एकटीच खायला लागली. पोरीची त्यात चूक किती होती, हे तिला समजत होतं. तरी तिचं तोंड उघडत नव्हतं.

भात कापायला आलं तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेसहाची वेळ. सोनुबाई नुकतीच कामावर आली होती. रात्रपाळीची वनिता आठला सुटणार होती. बाहेर टेंपो थांबला आणि एका माणसाला दोघांनी धरून आत आणलं. बरोबर त्याची बायको. वनिता उठून उभी राहिली.

"जैतूकाका? काय झालं?"

तिच्याच वाडीतला जैतू. चाळिशीचा, काटक, जंगलातून लाकूडफाटा आणणारा. तो पोट धरून वाकला होता.

"पोटात लई दुखतंय पोरी. थुका बी गिळवत नाय."

"रात्री काय खाल्लं? घेतली होती का?"

"नाय गं, शप्पथ," त्याची बायको जना मध्येच बोलली. "भात-आंबील खाऊन झोपला. झोपला तवा चांगला व्हता. पाटं उठवलं तं म्हणला पोट दुखतंय."

वनितानं त्याला खाटेवर घेतलं. बीपी बघितलं, ताप बघितला. दोन्ही ठीक. मग डॉक्टरांच्या घरी फोन लावला. सोनुबाई दाराशी फरशी पुसत होती. तिला फोनवरचं एकतर्फी बोलणं ऐकू येत होतं. "पोटात दुखतंय सर... नाही, उलटी नाही... बीपी नॉर्मल आहे... हो सर, ॲसिडिटीचं देते... हो, सलाईन लावते... नऊ वाजता, ठीक आहे सर."

फडकं पिळता पिळता सोनुबाईनं वर बघितलं. जैतू उताणा पडला होता आणि बायकोकडे बघायला हनुवटी वर करत होता. हनुवटी वर केल्याशिवाय त्याला दिसतच नव्हतं. दोन्ही पापण्या अर्ध्या डोळ्यांवर उतरल्या होत्या. झोप अनावर झालेल्या माणसाच्या उतरतात तशा. पण त्याच्या कपाळाला आठ्या होत्या. तो पापण्या उचलायचा जीव तोडून प्रयत्न करत होता.

सोनुबाईचे हात थांबले.

तिनं हे सत्तावीस वर्षांत तीनदा पाहिलं होतं. मोठे डॉक्टर दर वेळी तिला खाटेपाशी बोलावून दाखवायचे. "हे बघून ठेव, सोनुबाई. माणूस भुईवर झोपलेला असतो. रात्री मण्यार चावते, त्याला कळत पण नाही. सूज नाही, दाताची खूण नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून येतो आणि सगळे त्याला पित्ताचं औषध देतात. पापण्या बघायच्या. पापण्या उतरल्या की एक मिनिट घालवायचं नाही."

तिनं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आणि नेमकी त्याच वेळी वनिता सुईचं पाकीट फोडत, मागं न बघता म्हणाली, "मावशी, इथलं नंतर पुसा. पेशंट आहे."

सोनुबाईनं तोंड मिटलं. बादली उचलून ती पॅसेजमध्ये गेली.

पॅसेज लांब होता. तिनं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. डॉक्टरांशी बोलणं झालंय, ती मनाशी म्हणाली. ते शिकलेले आहेत. पोरगी सुई लावायला वाकेल तेव्हा तिला दिसेलच. माझा काय संबंध? मला तर बोलायचं नाही म्हणून बजावलंय. पॅसेज झाल्यावर तिनं पाणी बदललं आणि जिना घेतला. जिन्याच्या चौदा पायऱ्या. एकेक पायरी तिनं कडेपासून पुसली. आणि तेव्हा तिच्या मनात अजून एक गोष्ट आली होती. नंतर ती कितीही झटकली तरी गेली नाही. कळू दे आता, भिंतीवरच्या कागदाला काय काय कळतंय ते.

नवव्या-दहाव्या पायरीवर असताना जनाची किंकाळी आली.

सोनुबाई बादली तिथंच टाकून धावली. जैतूच्या तोंडातून लाळेची तार गालावर आली होती, डोळे मिटले होते, छाती जेमतेम हलत होती. वनिता त्याला हलवत होती. "काका! जैतूकाका!"

"सर गं बाजूला!" सोनुबाई ओरडली. "मण्यार चावलीय त्याला! डॉक्टरला फोन लाव, ॲम्ब्युलन्स सांग, तो फुगा दे इकडं!"

तिनं त्याची मान मागं केली, तोंडातली लाळ कापडानं काढली, श्वास द्यायचा रबरी फुगा नाकातोंडावर दाबून धरला आणि पिळायला लागली. वनिता फोनवर काय बोलत होती ते तिला कळत नव्हतं. डॉक्टर स्वप्नील दहा मिनिटांत आले, घरातल्या कपड्यांवरच. पापण्या उचलून बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. घशात नळी घातली. सापाचं इंजेक्शन इथं नव्हतं, श्वासाचं मशीन नव्हतं. पनवेलला न्यायला लागणार होतं.

"मावशी, तुम्ही बरोबर जा. फुगा थांबवायचा नाही. तुमचा हात चांगला आहे."

ॲम्ब्युलन्समध्ये सोनुबाई जैतूच्या उशाशी गुडघ्यावर बसली होती आणि जना त्याचे पाय धरून. दाबायचा, सोडायचा, मनात तीन आकडे मोजायचे, परत दाबायचा. खालापूर गेलं, चौक गेलं. बोटं बधिर झाली तेव्हा तिनं हात बदलला, पण ताल मोडला नाही. जना सारखी विचारत होती, "जिता हाय ना? बाय, जिता हाय ना?" सोनुबाई म्हणत होती, "हाय. हाय. तू पाय चोळ." घामानं चिकटलेले केस तिच्या डोळ्यांत जात होते, ते मागं सारायलाही हात मोकळा नव्हता. आणि प्रत्येक दाबाबरोबर तिला पॅसेजची फरशी दिसत होती. पॅसेजला किती वेळ लागला असेल? पंधरा मिनिटं? पाणी बदलायला दोन. जिन्याला पाच-सात.

पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात त्याला मशीनवर घेतलं, सापाचं औषध दिलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनुबाईची पाठ थोपटली. "श्वास कमी झाल्यावर मधे थोडा वेळ मेंदूला हवा मिळालेली नाही. बघू या. अर्धा तास आधी आला असता तर प्रश्नच नव्हता."

तिसऱ्या दिवशी जैतू गेला.

वाडीतली पन्नास-साठ माणसं दवाखान्यासमोर येऊन बसली. आरडाओरडा केला नाही त्यांनी, नुसती बसून राहिली, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. पोलीस आले. वनिताचं सर्टिफिकेट भिंतीवरून काढून बघण्यात आलं. त्यावरचा शिक्का कुठल्याही मंडळाचा, कौन्सिलचा नव्हता. संस्थेनं आपल्याच नावाचा बनवून घेतलेला होता. एक हवालदार शिळफाट्याला चौकशीला गेला तर मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीला कुलूप होतं. दुकानदार म्हणाला, दोन महिने झाले, सामान घेऊन गेले. वनिताबरोबर शिकलेल्या वीस-बावीस मुली होत्या. कुणी कर्जतला लॅबमध्ये, कुणी मेडिकलच्या दुकानात लागलेली. त्या सगळ्यांच्या हातात तोच कागद.

"मी फोनवर विचारलं होतं," डॉक्टर स्वप्नीलनी जबाब दिला. "पापण्यांचं तिनं सांगितलंच नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. तसं त्यांनी विचारलंही नव्हतं, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. मग ते बाहेर येऊन वाडीच्या माणसांसमोर उभे राहिले. "आमच्या जुन्या मावशींनी एका नजरेत ओळखलं. त्या नसत्या तर तो पनवेलपर्यंतसुद्धा पोचला नसता. त्यांना कळायला थोडा उशीर झाला, एवढंच." माणसं सोनुबाईकडे बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं हात जोडले.

हवालदारानं तिला विचारलं, "तुम्ही कुठे होतात?"

"फरशी पुसत व्हते."

"पेशंटला आणलं तेव्हा बघितलंत?"

भिंतीशी वनिता उभी होती. अंगावर ॲप्रन नव्हता, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये ती एकदम शाळेतली मुलगी वाटत होती. ती सोनुबाईकडे बघत नव्हती.

"नाय," सोनुबाई म्हणाली. "ओरडल्यावर धावले."

वनिताला त्याच दिवशी कामावरून काढलं. पुढं गुन्हा वगैरे झाला नाही. डॉक्टरांनी वाडीच्या पुढाऱ्यांशी बोलून प्रकरण मिटवलं. पंधरा दिवसांनी भिंतीवर दुसऱ्या एका मुलीचं सर्टिफिकेट लागलं. कर्जतच्या, खऱ्या शिक्क्याचं. ती मुलगी महिन्यातून एकदा सही करायला यायची. आणि कपाटातला ॲप्रन डॉक्टरांनी स्वतः काढून सोनुबाईच्या हातात दिला.

"कागदाचं मी बघतो, मावशी. तुम्ही पूर्वीसारखं काम करा."

तिला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. तिनं ॲप्रन घातला. घरी भिवाजी खूश झाला. साजगावात चार ठिकाणी त्यानं सांगितलं, माझ्या बायकोनं डॉक्टरला जमलं नाही ते ओळखलं. सोनुबाईनं त्याला गप्प बसवलं तर म्हणाला, "अगं, खरं तेच सांगतोय ना?"

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती वाडीवर गेली. टेंपोनं फाट्यापर्यंत आणि तिथून पाऊण तास चढ. वनिता घरामागच्या खळ्यात पेंढा रचत होती. सोनुबाईला बघून तिनं हातातली पेंढी खाली ठेवली, घरातून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि समोर उभी राहिली.

"बस की गं," सोनुबाई म्हणाली.

"बरं हाय उभं."

सोनुबाईनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. रस्ताभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरली होती. "वनिता, मी बघितलं व्हतं. त्याच्या पापण्या. तू सुई लावायच्या आधीच. मला कळलं व्हतं काय हाय ते."

वनितानं विचारलं, "किती वेळ?"

"पंचवीस मिन्टं आसतील."

"पंचवीस मिन्टं तुमी काय केलं?"

"पॅसेज पुसला. जिना पुसला."

वनिता एकदम खाली बसली. उकिडवी, दोन्ही हात डोक्यावर. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "मी रोज पाटं उठून तेच करते मावशी. आठवते. काका कसा झोपला व्हता, कसा बघत व्हता. माझ्या समोर व्हतं आन् मला दिसलं नाय. सर कधी बोलले नव्हते पापण्यांचं. नोट्समधी पण नव्हतं. मला वाटायचं, माझंच डोकं कमी." ती थांबली. "तुमी माझ्याशी बोलला नसता तरी चाललं असतं. नुसता हात धरून मला दाखवलं असतं तरी."

"माझं चुकलं, पोरी."

"मला कशाला सांगता?" वनितानं मान वर केली. तिचा आवाज आता कडक झाला होता. "जनाकाकीला सांगा. ते काय, वरचं तिसरं घर. वाडीत कुणी माझ्याशी धड बोलत नाय. तिला सांगा जाऊन."

सोनुबाई उठली. तिसरं घर फार लांब नव्हतं. अंगण सारवलेलं, दाराशी दोन कोंबड्या. जना आत चुलीशी होती. तिला बाहेर येऊन सोनुबाईला ओळखायला क्षणभर लागला, आणि मग ती धावतच आली. काही बोलायच्या आत तिनं सोनुबाईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटेपालटे करून बघितले आणि कपाळाला लावले.

"हेच हात," ती म्हणाली. "सगळ्या रस्त्यानं तुमी थांबला नाय. मी बघत व्हती. घाम पुसायला बी थांबला नाय. सख्खी बहीण करणार नाय एवढं केलं तुमी."

"जनाबाई, ऐक—"

"त्या पोरीनं मारला माझा माणूस. तुमी व्हत्या म्हणून तीन दिवस तरी मला बघाया मिळाला. पोरांना बघाया मिळाला." तिनं आत हाक मारली आणि एक दहा-बारा वर्षांची मुलगी बाहेर आली. "पाया पड. ही ती बाय."

मुलगी वाकली. सोनुबाईनं पाय मागं घ्यायचा प्रयत्न केला, पण मुलीनं ते धरले होते. शब्द तिच्या ओठांपाशी होते. मी पुसत होते, मला दिसलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. जना तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या सगळ्या प्रकरणात बहुधा सोनुबाई हेच एक माणूस उरलं होतं ज्याच्याविषयी तिला चांगलं वाटत होतं.

"तिची चूक नव्हती," सोनुबाई कशीबशी म्हणाली. "वनिताची. तिला कुणी शिकवलंच नव्हतं."

"मंग कशाला बसली खुर्चीवर?" जना म्हणाली.

जनानं कोरा चहा दिला, तो ती प्यायली. निघताना जनानं पदराखालून शेवग्याच्या पानांची एक जुडी तिच्या पिशवीत घातली. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

वनिता खळ्याच्या कडेला उभी होती. सोनुबाई खाली येताना तिनं वर बघितलं. काय झालं हे तिनं चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं. ती वळली आणि पेंढा रचायला लागली.

"सरकारी नर्सिंगचा कोर्स असतो दोन वर्षांचा," सोनुबाई जवळ थांबून म्हणाली. "खरा. बारावीवर घेतात. मी चौकशी करते. तुझा हात चांगला हाय."

"नको मावशी."

"अगं, पण—"

"सुई घेतली का हात कापतो आता. जा तुमी. अंधार पडंल उतरताना."

त्या हिवाळ्यात वनिता साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सकाळी साडेसहाची पाळी. सोनुबाई दवाखान्यात जायला निघायची त्याच वेळेला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं मुलींचा घोळका कारखान्याकडे जायचा. डोक्यावर ओढण्या, हातात डबे. पहिल्या काही दिवसांत वनिता तिला बघून मान खाली घालायची. पुढं पुढं घालेनाशी झाली. सरळ समोर बघत, बाकीच्या मुलींशी बोलत निघून जायची.

सोनुबाई टेंपोत चढायची, कडेची जागा धरायची आणि शिळफाटा येईपर्यंत ॲप्रनची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायची.